फळ्याच्या मधली वीतभर जागा

१

फळ्यावर जे लिहिलं होतं ते सकाळी पहिल्यांदा जिलानी मिस्त्रीनं पाहिलं, आणि वाचता येत नसल्यामुळे तो खूश झाला. त्याला वाटलं, आज पुण्याच्या मॅडम येणार म्हणून मुज्तबा सरांनी स्वागताचं काहीतरी झोकात लिहून ठेवलंय. त्यानं शाळेपुढं पाण्याचा सडा मारला, दाराला आंब्याची डहाळी बांधली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून दाखवलं, "बघा, कसं मोठ्ठं लिवलंय."

तेवढ्यात अण्णाराव आले. अण्णाराव म्हणजे शाळा समितीचे अध्यक्ष. निजामाच्या अमदानीत उर्दू शाळेत शिकलेले, अजून सही उर्दूत करणारे. त्यांनी चष्मा पुसला. फळ्याच्या पार उजव्या टोकाला गेले. तिथं अक्षरं मुंग्यांसारखी बारीक होती, एकमेकांच्या अंगावर चढलेली, दोनचार तर लाकडी चौकटीवर गेलेली. त्यावर बोट ठेवून, डोळे बारीक करून ते डावीकडं वाचत आले. फळ्याच्या मध्याजवळ आले तशी अक्षरं हातभर झाली आणि म्हाताऱ्यानं अख्खी ओळ वाचून दाखवली.

"हमें मराठी नहीं चाहिए. हमारा स्कूल अलग कर दो."

जिलानीच्या हातातली बादली खाली आली.

नव्या चिंचोडीत ही ओळ म्हणजे दुसरा भूकंपच. पहिल्या भूकंपात गावातल्या दोन्ही शाळा पडल्या होत्या, मराठी आणि उर्दू. मदतीचं पत्र्याचं शेड मात्र एकच आलं. जिलानीनं ढिगाऱ्यातून दोन्ही शाळांचे फळे काढले, जोडून एक लांबलचक फळा केला, आणि त्या एका फळ्यावर डावीकडून भागवत गुरुजी मराठी लिहू लागले, उजवीकडून मुज्तबा सर उर्दू. पुढं शेडची पक्की इमारत झाली तरी फळा तोच राहिला आणि रीतही तीच. पोरं दोन्ही भाषा शिकली. पण इतकी वर्षं पैसा पुरवणाऱ्या संस्थेचं काम संपलं होतं. आता पुण्याच्या एका प्रतिष्ठानाकडं दोन भाषांच्या शाळांसाठी अनुदान होतं. चिंचोडीनं अर्ज केला होता. अकरा वाजता मॅडम पाहणीला येणार होत्या. दोन्ही शिक्षकांना बाजू बदलून, एकमेकांच्या भाषेत शिकवायला लावणार होत्या. अनुदान नाही मिळालं तर जूनमध्ये शाळेला कुलूप.

"असलं उर्दू गावात लिवणार कोण?" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

गावाला ठाऊक असलेली उर्दू लिहिणारी मोठी माणसं तीनच. एक अण्णाराव स्वतः. ते तर काल संध्याकाळी कीर्तनात पहिल्या रांगेत मांडी घालून बसले होते. भागवत गुरुजी, पण मराठीचा गुरुजी मराठीच्या मुळावर कशाला उठेल?

मग उरलं एकच नाव, आणि गर्दीतल्या अर्ध्या लोकांनी ते मनात घेतलं. उरलेल्या अर्ध्यांनी, ते नाव घेणाऱ्यांची तोंडं पाहून, मुठी वळल्या.

२

चतुराबाई मुखेडच्या कीर्तनकार. टाळ हातात घेतला की चारशे माणसं एका श्वासात बांधणारी बाई. काल चिंचोडीत त्यांचं कीर्तन झालं, मुक्काम अण्णारावांकडं होता, आणि दुपारच्या एसटीनं त्या मुखेडला निघणार होत्या. पिशवी खांद्याला लावलेली असतानाच त्यांनी आरडाओरडा ऐकला.

शाळेत आल्या तर मुज्तबा सर ओलं फडकं घेऊन फळ्यापुढं उभे, आणि चारजण त्यांचा हात धरून.

"सोडा रे त्यांना," चतुराबाई म्हणाल्या. "आन सर, तुमी ते फडकं खाली ठेवा."

"पुसून टाकू द्या, माय. मॅडम येतील."

"पुसलं म्हंजे झालं व्हय? फळ्यावरचं जाईल, डोक्यातलं कसं जाईल? कालच्याला सांगितलं ना कीर्तनात, देवाचं नाव घेताना आधी मनाला पाणी लावावं. आधी खरं कळू द्या, मंग खुशाल पुसा."

त्या फळ्यापुढं बराच वेळ उभ्या राहिल्या. उर्दूचं एक अक्षर त्यांना येत नव्हतं. काल सकाळी पोरांनी फळा धुऊन काळा रंग दिला होता, त्यामुळं तो आरशासारखा होता. त्याचा डावा अर्धा भाग कोरा. मध्यावर वीतभर जागा कोरी. तिथून पुढं उजवीकडं ती ओळ.

"सर, हे कुणी लिवलं?"

मुज्तबा सरांनी एकदाच फळ्याकडं पाहिलं. बाईंनी ती नजर टिपली. नवीन काही बघणाऱ्याची ती नजर नव्हती. ओळखीच्या माणसाला बाजारात नको त्या ठिकाणी पाहिलं की माणूस जसं चटकन तोंड फिरवतो, तसं सरांनी तोंड फिरवलं.

"तुमी लिवलं का?"

सर हातातलं फडकं पिळत राहिले.

"मंग कुणी लिवलं ते तुमाला ठाव हाय का?"

"माय, मेहरबानी करा, मला काही विचारू नका. पायजे तर माझ्या नावावर टाका. मी राजीनामा देतो."

बाहेर कुणीतरी ओरडलं, "बघा! कबूल झाला!"

"कबूल झाला न्हाई," चतुराबाई दाराकडं वळून कडाडल्या. "झाकून राहिला. दोन्हीत फरक हाय. आन झाकणारा माणूस सोताचं पाप झाकताना राजीनामा देत नसतो, दुसऱ्याचं झाकताना देतो."

३

शाळेला कुलूप नव्हतं. भूकंपानंतर चिंचोडीत कुणी दाराला कुलूप लावून झोपत नसे, आणि सवय झाल्यावर मोकळ्या इमारतींनाही लावत नसे. म्हणजे आत कुणीही जाऊ शकत होतं, आणि गाव तर सगळं कीर्तनात.

चतुराबाई आधी गेल्या वीरभद्रकडं. लातूरच्या एका मोठ्या क्लासचा हा माणूस, आठवडाभर गावात मोटरसायकल फिरवत होता. ही इमारत क्लासच्या निवासी शाखेला भाड्यानं हवी होती.

"या, माय," त्यानं हॉटेलातला बाक पुसून दिला. "तुमी पण चौकशीला? लिवणं माझ्यावर ढकलायचं का?"

"फायदा तुमचाच की. शाळा बंद पडली तर इमारत मोकळी."

"फायदा हाय, खोटं कशाला बोलू? लातुरात आता पोरगं झालं की आधी क्लास लावत्यात, मंग बारसं करत्यात. जागा पुरंना झाल्यात. काल दुपारी मी आत जाऊन मोजमाप बी घेतलं. काय फळा हाय, माय! ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग. एक अख्खं गणित न तोडता मावंल. पण उर्दूचं म्हणाल तर मला उलटं धरलेलं आन सुलटं धरलेलं एकच."

"मधी काय हाय फळ्याच्या?"

"मधी?" वीरभद्र गोंधळला. "मधी काय असतंय? फळाच."

बाई चहा अर्धा टाकून उठल्या.

जिलानी शाळेमागं डोक्याला हात लावून बसला होता. "माय, म्या सकाळी सगळ्यांना बोलावून दाखिवलं ओ. गाव म्हनंल ह्यालाच ठाव होतं."

"मला तो सांधा दाखवा, जिलानीभाई. दोन फळे जोडले तो."

मिस्त्रीचा चेहरा खुलला. आत जाऊन त्यानं नेमकं बोट ठेवलं. बाईंनी नख फिरवलं, तळवा फिरवला, काही लागेना.

"लागायचा न्हाई. रंगाखाली तर दिसतच न्हाई. पर दोघं गुरुजी सांध्यापाशी थांबत्यात. ते तिकडून येत्यात, हे हिकडून, आन मधी वीतभर सोडत्यात. तिथं पोरं चित्र काढत्यात. इकडं आंबा, तिकडं आम, मधी आंब्याचं चित्र. वरसं झाली, त्या जागंत दोघांपैकी कुनाचा खडू गेला न्हाई."

"तुमी कधी खडू धरला?"

"म्या आरी धरतो. आन आरीला बी मापाबिगर हात लावीत न्हाई. लाकूड येकदा कापलं की वाढत नसतंय, माय."

चतुराबाईंनी मान डोलावली, पण चेहऱ्यावर काही दाखवलं नाही.

भागवत गुरुजी व्हरांड्यात म्हाताऱ्या हुसेनबीला धीर देत होते. "रो नको, खाला. कुछ नई होता. मैं हूं ना." त्यांची दखनी बोली ऐकून परक्यानं त्यांना हुसेनबीचा मुलगाच समजावं. पाच वर्षांपूर्वी भूकंपात त्यांनी मुज्तबा सरांच्या आईला ढिगाऱ्यातून उपसून काढलं होतं. पुढं ते उर्दू लिहायला-वाचायला शिकले अशी गावात कीर्ती झाली, तेव्हा अण्णारावांनी शाल-नारळ देऊन सत्कार केला होता.

"गोड बोलता, गुरुजी," बाई म्हणाल्या.

"लहानपणापासून मोहल्ल्यात वाढलो, माय." गुरुजींचे डोळे तांबारलेले होते. "मुज्तबानं केलं असं मी म्हणत नाही. कुणाचंच नाव घेऊ नका. मी म्हणतो, मॅडमला फोन करू. येऊ नका म्हणून सांगू. गावाची अब्रू चव्हाट्यावर कशाला?"

"पर त्या आल्या न्हाईत तर अनुदान न्हाई."

"पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षापर्यंत शाळा ऱ्हाईल का?"

गुरुजी हुसेनबीची काठी उचलून तिच्या हातात देऊ लागले.

चतुराबाईंनी पिशवीतून टाळ काढले. "अण्णा," त्यांनी अंगणाकडं हाक दिली, "मृदंगवाल्याला बलवा. मॅडम यायच्या आत इथंच उभं ऱ्हाऊन कीर्तन करायचं हाय. आन ज्यानं लिवलंय तो बी येणार हाय ऐकायला, मला ठाव हाय."

४

गाव जमलं. एका बाजूला गांधीटोप्या, दुसऱ्या बाजूला मोहल्ल्यातले रुमाल, मध्ये रागाचं रान. चतुराबाई फळ्यापुढं उभ्या राहिल्या. नामाचा गजर केला, तो मात्र दोन्हीकडच्यांनी उचलला. कालची गोडी अजून घशात होती.

"आता ऐका," टाळ थांबवून त्या म्हणाल्या. "नवशिका गवई कसा वळखावा? ज्याला अभंग पाठ हाय तो ऐसपैस सुरू करतो आन ऐसपैस संपवतो. ज्याला पाठ न्हाई तो सुरवातीला लांबण लावतो, मंग सम आली की घाबरतो, उरलेले शब्द कोंबतो. कोंबाकोंबी कुठं होती? शेवटाला. सुरवातीला कुणी कोंबत न्हाई, तवा जागाच जागा असती."

लोक हसले.

"अण्णा, सकाळी वाचायला कुठनं सुरू केलं?"

"उजवीकून. उर्दू तिकूनच चालती."

"आन तिथं अक्षरं कशी हायत?"

अण्णारावांनी फळ्याकडं पाहिलं, चष्मा काढला, परत लावला. "दाटीवाटीची. चौकटीवर चढलेली." मग कपाळावर हात मारला. "च्यायला! वाक्याच्या सुरवातीलाच दाटी?"

"हाव! ज्याला उर्दू येतंय तो उजव्या चौकटीपासून निघाला असता, ऐसपैस. ह्यानं मधनं सुरू केलं आन उजवीकडं सरकला. वाक्याचं शेपूट आधी काढलं, तोंड शेवटी. आन तोंडाला जागा उरली न्हाई. हे लिवलेलं न्हाई, बाबांनो. हे रांगोळीसारखं बघून काढलंय. मुज्तबा सरांचा हात असा चालत न्हाई. अण्णाचा चालत न्हाई. ह्या गावात ज्याला उर्दू लिवता येतंय, त्या कुणाचाच हा हात न्हाई!"

रुमालांच्या बाजूनं एक मोठा श्वास सुटला. टोप्यांच्या बाजूला माना खाली गेल्या.

"मग वीरभद्र!" कुणीतरी उठलं.

"बसा खाली! त्याला न्हाई उर्दू येत, खरं हाय. पर बघा, जागा पुरत न्हाई म्हणून हा माणूस चौकटीवर चढला. आन डावा अर्धा फळा कोरा. मधली वीतभर बी कोरी. ती जागा वीरभद्राला ठावच न्हाई, त्यानं सरळ तिथनंच सुरू केलं असतं. परक्याला कशाची भीड? पाप करताना बी ह्याचा हात त्या वीतभर जागंत गेला न्हाई. म्हंजे हा आपल्या शाळंतला हाय."

"जिलानी?" अण्णारावांनी विचारलं.

"जिलानीभाई माप घेतल्याबिगर चौकट बी करत न्हाईत. त्यांना जागा कमी पडंल का?"

मृदंगवाल्याचा हात मांडीवर होता. 

चतुराबाईंनी खडू उचलला आणि भागवत गुरुजींपुढं धरला. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

"गुरुजी, ह्या ओळीखाली शाळेचं नाव लिवा. उर्दूत."

गुरुजींनी खडू घेतला. फळ्याकडं चालत गेले, आणि थांबले.

ते मध्यावर थांबले होते. वीतभर जागेच्या कडेला, ओळीच्या डाव्या टोकापाशी. उजवी चौकट त्यांच्यापासून पाच पावलांवर होती, आणि त्यांचे पाय तिकडं गेलेच नव्हते.

त्यांनी खाली आपल्या पायांकडं पाहिलं. मग खडू हातातून गळाला.

"मला येत नाही," ते म्हणाले. "बोलता येतं. लिहिता कधीच आलं नाही. लोक म्हणू लागले गुरुजी शिकले, अण्णांनी शाल घातली... मी नाही म्हटलंच नाही. आज मॅडमपुढं मला त्या बाजूला उभं करणार होते. लातुरात पाट्या रंगवणाऱ्याकडून ते वाक्य लिहून आणलं, नाटकाला पाहिजे असं सांगून. काल कीर्तनातून उठलो... वाटलं, भांडण होईल, पाहणी टळेल. एवढं पेटेल असं नाही वाटलं."

"तुला दुसरं वाक्य न्हाई सुचलं?" अण्णाराव ओरडले. "सोताची लाज झाकायला ह्या लोकांची अब्रू घातलीस व्हय रे!"



"सर, तुमी तर बघितल्या बघितल्या वळखलं," चतुराबाई मुज्तबाकडं वळल्या. "मंग गप का?"

"माझी अम्मी याच्यामुळं जिती आहे, माय."

"म्हणून सगळ्या मोहल्ल्याला चोर ठरू द्यायचं? उपकार तुमच्या घरावर हायत, मोहल्ल्यावर न्हाईत. असलं मोठं मन कुणाच्या जिवावर दाखवू नये, सर."

मुज्तबा सरांनी मान खाली घातली. त्या क्षणी बाहेर जीपचा हॉर्न वाजला.

५

"पुसा लवकर!" दोघंतिघं फडक्याकडं धावले.

या वेळी मुज्तबा सर फळ्याला पाठ लावून उभे राहिले. "नाही. आता कुणी पुसायचं नाही. सकाळी मी पुसत होतो, ते चुकलं. पाहू द्या त्यांना."

मॅडम आत आल्या. फळा पाहिला, माणसं पाहिली. भागवत गुरुजी स्वतःच पुढं झाले आणि सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. मॅडम ऐकत राहिल्या. मग कागद मिटत म्हणाल्या, "मला वाईट वाटतं. पण दोन्ही शिक्षकांना दोन्ही भाषा लिहिता आल्या पाहिजेत ही अट आहे. मी खोटं लिहू शकत नाही."

"लिहा, अट पुरी झाली नाही," मुज्तबा सर म्हणाले. "आम्हीही आता खोटं लिहिणार नाही. पण आलाच आहात तर तास बघून जा."

त्यांनी भागवत गुरुजींच्या खांद्याला धरून त्यांना पाच पावलं चालवत उजव्या चौकटीशी नेलं. स्वतःच्या हातानं ती ओळ पुसली. खडू गुरुजींच्या बोटांत दिला.

"इथून. अलिफ. सरळ काठी. काढा."

पोरं खिडक्यांतून आत सांडली होती. "गुरुजी, वरून खाली! वरून खाली!" अख्खा वर्ग ओरडू लागला, टोपीवाल्यांचीही आणि रुमालवाल्यांचीही पोरं. गुरुजींनी खडू वरून खाली ओढला आणि अलिफ उभा राहिला. सुमय्या नावाच्या पोरीनं तेवढ्यात मधल्या वीतभर जागेत चित्र काढलं: मिशा असलेला एक माणूस, दोन्ही कान धरून उठाबशा काढणारा. सकाळपासून पहिल्यांदा गाव एकत्र हसलं. भागवत गुरुजी हसले आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली.

जीपपाशी मॅडम म्हणाल्या, "या वर्षी मंजूर होईल असं वाटत नाही."

"नका करू," अण्णाराव काठी टेकत म्हणाले. "बाई, जमीन फाटली तवा शाळा बंद पडली न्हाई, पत्र्याखाली भरली. आता तर डोक्यावर छप्पर हाय. तुमी द्या न्हाईतर नका देऊ, जूनला घंटा होणार. दोन्ही भाषांत होणार."

अनुदान आलं नाही. वीरभद्र दोनदा आला, दुसऱ्यांदा भाडं वाढवून. "पोरांचं नुकसान करून राहिलात तुमी," तो म्हणाला. जिलानीनं त्याला दार दाखवलं आणि दाराची बिजागरी कुणी बनवली तेही सांगितलं. मुज्तबा सर आणि भागवत गुरुजी पगाराशिवाय शिकवत राहिले. घराघरातून ज्वारी आली, हुसेनबीच्या घरून लोणचं. शाळा सुटल्यावर रोज एक माणूस मागं थांबायचा, पोरांच्या बाकावर, पाटी घेऊन. कधी सर शिकवायचे. बहुतेक वेळा सुमय्याच शिकवायची, आणि ती जास्त ओरडायची.

पुढच्या अर्जाची पहिलीच ओळ अण्णारावांनी सांगून लिहवून घेतली: गेल्या वर्षी आमच्या एका शिक्षकाला एक भाषा लिहिता येत नव्हती, आणि त्यानं लबाडी केली. आता येते. येऊन बघा.

मॅडम आल्या. त्या दिवशी चतुराबाई मुद्दाम मुखेडहून आल्या होत्या, मागं भिंतीला टेकून बसल्या होत्या, टाळ मांडीवर. फळा धुतलेला, कोरा, काळा.

"बाजू बदला," मॅडम म्हणाल्या.

चतुराबाईंनी फळ्याकडं पाहिलं नाही. त्यांनी गुरुजींच्या पायांकडं पाहिलं. पाय मध्यावर आले, तिथं क्षणभरही थांबले नाहीत, आणि सरळ उजव्या चौकटीपाशी जाऊन उभे राहिले.